गागोद्याहून आणलेला टिलर

अनीसाला चालत्या यंत्राजवळ उभं राहता येत नसे. ती लहान असताना तिच्या वडिलांची रोह्याजवळ भाताची गिरणी होती. एका दुपारी थोरल्या बहिणीची, रुखसारची, ओढणी गिरणीच्या पट्ट्यात गेली. वडिलांनी कोयत्याने ओढणी तोडली म्हणून रुखसार वाचली. तिच्या गळ्यावर वळ राहिला आणि अनीसाच्या कानात तो आवाज राहिला. पट्टा जरासा अडखळला होता आणि पुन्हा आपला चालू लागला होता, तो आवाज. पुढे लग्न झालं, मुलगी सादिया सासरी गेली, तरी मिक्सर लावताना अनीसा झाकण दाबून धरायची आणि डोळे मिटून घ्यायची.

नवरा मुसा अगदी उलटा. अर्धं आयुष्य त्याने कुवेतला डंपर चालवण्यात घालवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तो कुंडलिकेच्या काठच्या आपल्या गावी परत आला आणि वडिलांची पडीक भातखाचरं पुन्हा कसायची असं त्याने ठरवलं. पण गावात बैल उरले नव्हते. कामाची माणसं धाटावला कंपनीत शिफ्टवर जायची. भाड्याचा ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत यायचा आणि थांबायचा, कारण मुसाच्या खाचरांकडे जायला नुसता बांध होता.

"जुना टिलर घेऊ," मुसा एके दिवशी जेवताना म्हणाला. "नांगरटीचं छोटं यंत्र ते. बांधावरनं हाताने नेता येतं."

अनीसाचा घास हातातच राहिला.

"घ्या," ती म्हणाली. "पण बघायला मी येणार."

"तू? तू लांबूनच बघशील."

"लांबूनच बघेन. पण बघेन."

पहिला टिलर त्यांनी वडखळच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका विक्रेत्याकडे पाहिला. जानेवारीची सकाळ होती, अंगावर शाल घ्यावी इतकी थंडी. ओळीने जुनी यंत्रं मांडलेली आणि त्यातला एक टिलर नुकताच लाल रंगवलेला. विक्रेत्याने हँडल मारलं तशी पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं. मुसा खूश झाला. वाकून माती उकरणारी पाती बघू लागला, गिअर टाकून पाहू लागला. अनीसा दाराशीच उभी होती. इंजिन बंद झालं तेव्हा तिने मुसाला खूण करून बाजूला बोलावलं.

"आपण आलो तेव्हा त्याच्यावर मांजर झोपलेली."

"मग?"

"बाकी एवढी यंत्रं हायत. ती नेमकी त्याच्यावरच का झोपली? आणि त्याने हुसकली तरी परत तिथंच जायला बघते."

मुसा हसायला लागला आणि मधेच थांबला. थंडीत मांजर ऊब शोधते. म्हणजे ते येण्याआधीच इंजिन चालवून गरम करून ठेवलेलं होतं. गार असताना ते सुरू व्हायला किती छळतं, हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मुसाने विक्रेत्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "सकाळी सर्व्हिसिंग केलं ना, म्हणून." पण हे तो मांजरीकडे बघत म्हणाला. दोघं तिथून निघाले.

दुसऱ्या टिलरची खबर गागोदे बुद्रुकहून आली. हिरामण नावाच्या शेतकऱ्याचा होता तो. पत्र्याच्या पडवीत उभा, रंग उडालेला, पण चाकांवर ग्रीस नीट लावलेलं. मुसाने इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. हिरामणने हँडल मारलं. एकदा, दोनदा इंजिन नुसतं खोकलं, मग लागलं. आधी पांढरा धूर आला, हळूहळू विरला, आणि आवाज एकसारखा झाला. खाली तेलाचा थेंब नव्हता. मुसाने अनीसाकडे बघून मान हलवली. त्याच्या मनात यंत्र भरलं होतं.

हिरामणची बायको बायजा अनीसाला पाणी द्यायला आत घेऊन गेली. तांब्या हातात देऊन ती तिथेच थांबली. बाहेर इंजिन चालू होतं.

"भाभी, चालवणार कोण?"

"आमचे हे."

बायजाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या मालकांच्या पायाकडं बघितलंस का गो? घरात पण बूट घालतात ते. पुढची बोटं नाय त्यांना. मागं घेताना पाती फिरत होती. पाय खाली गेला."

अनीसाने तांब्या खाली ठेवला.

"मागं घ्यायचा गिअर टाकला की पाती बंद राहावी म्हणून आत अडसर असतो म्हणतात," बायजा सांगत होती. "यांनीच काढलेला. काम भरभर व्हावं म्हणून. पाय बरा झाला, आता परत त्यालाच हात लावायला बघतात. म्हणून मी इका इका करून मागं लागले." ती थांबली. "आता तुला बघितलं आणि वाटलं, माझ्या घरातलं भ्या मी तुझ्या घरात धाडतेय. न सांगता कसं धाडू?"

अनीसाला एकदम तिथून पळून जावंसं वाटलं. मुसाला हाताला धरून बाहेर काढावं, एस.टी.त बसवावं आणि खाचरं पडीक राहू द्यावीत. पण ती बाहेर आली आणि हिरामणला म्हणाली, "इंजिन बंद करा."

शांत झाल्यावर तिने विचारलं, "अडसर काढलाय ना?"

हिरामणची मान खाली गेली. त्याने बायकोकडे पाहिलंही नाही. मग खाली बसून त्याने बूट काढला आणि पाय मुसाच्या समोर धरला. "सांगणार होतो," तो म्हणाला. "सांगायचं धाडस होत नव्हतं. माझाच गाढवपणा. यंत्र चांगलं हाय, मुसाभाई. त्याची काय चूक नाय."

परत जाताना गाडीत मुसा म्हणाला, "आता दोष तरी ठाऊक झाला. वडखळच्याचा कुठं ठाऊक होता?"

"घ्या मग," अनीसा म्हणाली. "पण पेणला फैजलकडे अडसर बसवल्याबिगर घरी आणायचा नाय. आणि तो बंद कसा करतात ते मला शिकवायचं. चालू करायचं नका शिकवू."

फैजल मुसाच्या मावसभावाचा मुलगा, पेणला शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने गिअरपेटी खोलून अडसराचा तुकडा नवा बसवला, पट्ट्यावर पत्र्याचं झाकण घातलं, तेल बदललं. मग अनीसाला जवळ बोलावलं.

"चाची, ये. हा इंजिनाच्या अंगचा दांडा बघ. हा ओढून धरला की डिझेल तुटतं. इंजिन मरतं."

तिला जवळ जायलाच बराच वेळ लागला. ओढणी कमरेला घट्ट खोचली, हात पुढे केला, मागे घेतला. फैजल हसला नाही. शेवटी तिने दांडा ओढला, आणि धडधड घसरत घसरत बंद पडली. तिने पुन्हा चालू करायला लावलं आणि पुन्हा बंद केलं. घामाने भिजली, पण परत परत केलं.

"आणि ही," फैजल मुसाला म्हणाला, "क्लचच्या सळईची पिन. सगळा क्लच हिच्यावर हाय, ही नसली तर टिलर थांबायचा नाय. रोज सकाळी बघायची. पडली तर दुसरं काय घालू नका, माझ्याकडनं घेऊन जा."

जूनमध्ये पाऊस धरला आणि लावणीआधीची चिखलणी सुरू झाली. रोज सकाळी टिलर निघायच्या आधी अनीसा त्याच्याभोवती एक फेरी मारायची. पिन, झाकण, नटबोल्ट, तेल. मुसा वैतागायचा. "विमान हाय काय ते?" पण थांबायचा.

त्या दिवशी मात्र तो थांबला नाही. लावणीला बायका येणार होत्या, भाताच्या रोपांचं आवण तयार होतं आणि एक खाचर अजून व्हायचं होतं. अनीसा भाकऱ्या करत असतानाच तिला लांबून इंजिन ऐकू आलं. तवा उतरवून, चूल तशीच सोडून ती निघाली.

ती बांधावर पोचली तेव्हा मुसा कोपऱ्यात होता. टिलर वळत नव्हता म्हणून त्याने तो मागे घेतला. पाठीमागे दगडी बांध होता. त्याने क्लच ओढला. क्लचची मूठ नुसतीच सैल हलली. टिलर थांबला नाही. लोखंडी चाकं चिखल कापत मागे येत राहिली, आणि हँडलची दांडी मुसाच्या छातीवर टेकली. त्याने गुडघे रोवले. गुडघ्यांत जोर नव्हता. पाठ दगडाला लागली आणि दांडी आत दाबत गेली. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

अनीसा जागीच उभी राहिली.

हे ती स्वतः सांगते, लपवत नाही. तिला सगळं दिसत होतं, काय करायचं तेही ठाऊक होतं, आणि पाय हलत नव्हते. पट्टा झाकणाखाली फिरत होता. तिला गिरणीच्या पट्ट्याचा तो अडखळल्याचा आवाज ऐकू येत होता. मुसाचे डोळे तिच्यावर होते. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही.

मग तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली, बांधावर टाकली आणि चिखलात उतरली. चाक तिच्या मांडीला घासून गेलं. तिने डोळे मिटले नाहीत. गरम इंजिनाला कोपर भाजलं, आणि डिझेल तोडायचा दांडा हाताला लागला. तिने तो ओढला आणि ओढूनच धरला. इंजिन घसरलं, दोनदा उसळलं, बंद झालं. तरी तिने हात सोडला नाही. सोडला तर ते पुन्हा जागं होईल असं तिला वाटत होतं.

मुसा अजून अडकलेलाच होता. ती ओरडली तेव्हा शेजारच्या खाचरातला केरू धावत आला. त्याने गिअर काढून टाकला आणि दोघांनी टिलर पुढे लोटला. मुसा चिखलात बसला. श्वास घेताना त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. पाय मात्र शाबूत होते. फैजलने बसवलेल्या अडसराने पाती हलू दिली नव्हती.

रोह्याच्या दवाखान्यात बरगड्या मोडल्याचं कळलं. डॉक्टरांनी सक्त पडून राहायला सांगितलं. संध्याकाळी फैजल येऊन टिलर बघून गेला. क्लचच्या सळईत पिन नव्हती. तिथे वाकलेल्या खिळ्याचा अर्धा तुकडा होता.

"खिळा मीच घातला," मुसा खाटेवरून म्हणाला. बोलताना त्याला दुखत होतं. "काल पिन चिखलात पडली. तुला सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस."

अनीसा उठून चुलीकडे गेली. तिथे तिला एकटीला बराच वेळ रडू येत राहिलं.

खाचर अर्धं राहिलं होतं आणि आवण पिवळं पडू लागलं होतं. कुणी चालवणारा मिळेना. सगळीकडे लावणीची घाई होती. दोन दिवस अनीसा माणूस शोधत फिरली. तिसऱ्या सकाळी तिने फैजलला फोन केला. "नवी पिन घेऊन ये. एक नको, मूठभर आण. आणि आता चालू करायचं शिकव."

"चाची, तू?"

"तू सोबत उभा राहा. पण हात लावू नको."

त्या दिवशी तिने ते खाचर केलं. सगळा वेळ तिचे दात एकमेकांवर आपटत होते, यंत्राच्या हादऱ्याने की भीतीने ते तिलाही सांगता येईना. मागे घ्यायचा गिअर तिने एकदाही टाकला नाही. सरळ जायची, मोठा वळसा घालून यायची आणि कोपरे तसेच सोडायची. कोपरे नंतर केरूने आणि तिने कुदळीने केले. बांधावरच्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तरी ती थांबत नव्हती. लावणी झाली. भात उशिरा पण बरं आलं.

मुसाला बरं व्हायला दिवाळी उजाडली. भात काढल्यावर खाचरांत वाल पेरायची वेळ आली, तेव्हा त्याने टिलरची चौकशी केली. अनीसा म्हणाली, "चालवा." तो चकित झाला. त्याला वाटलं होतं ती कधीच हात लावू देणार नाही.

"मला काय हौस हाय? मला तर अजून रात्री झोपेत त्याचा आवाज येतो," ती म्हणाली. "पण आधी मला पिन दाखवायची. हात लावून दाखवायची. मग निघायचं."

आता गडब गावापासून इकडे कुणी जुना टिलर किंवा पंप घ्यायचा असला की घरातली बाई अनीसाकडे येते आणि सोबत चल म्हणते. ती जाते. दाराशीच उभी राहते, इंजिन लागलं की दचकते, आणि लोक हसतात. ती हसू देते. मग एकेक विचारत जाते: झाकण कुठं गेलं, याने कुणाला इजा झालीय का, बंद कसं होतं. त्या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ती घरी जायला तयार होत नाही. काही विक्रेत्यांना ती नकोशी झाली आहे.

गेल्या आठवड्यात मुसा टिलर घेऊन निघाला आणि बांधापर्यंत जाऊन परत आला. अनीसा अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

"काय झालं?"

"दाखवायची राहिली," तो म्हणाला, आणि क्लचपाशी वाकला.