झूल तुमची, बैल कोनाचा?

तळेगावात लग्न कुणाचंही असो, मांडव ओमप्रकाशचा. बिछायत केंद्र त्याचं, गाद्या त्याच्या, खुर्च्या त्याच्या आणि माणसापेक्षा उंच साउंड बॉक्सही त्याचेच. बाकीचे साउंडवाले माइक तोंडाशी धरून ‘हॅलो, हॅलो’ करतात. ओमप्रकाशचं तसं नव्हतं. तो गिटारची वायर खोचायचा, चार सूर वाजवायचा आणि गिटार परत खोळीत घालायचा. तेवढ्यानं मांडवातलं गावचं जे कुणी असेल ते गालात हसायचं. एखादी बाई शेजारणीला कोपर मारायची. मग सगळे हळूच मागं वळून पाहायचे, सदाशिवराव आले का म्हणून.

ते चार सूर एका गाण्याचे होते. गाणं एकवीस वर्षं बाहेर आलं नव्हतं, पण गावात ते पाठ नसलेला माणूस सापडणं कठीण होतं.

सदाशिवरावांचं चौकात किराणा दुकान आणि गावाबाहेर बारा एकर शेत. ज्या वर्षी त्यांनी ट्रॅक्टर घेतला, त्या वर्षी बैलजोडी विकली. ट्रॅक्टरनं शेत नांगरलं, पण पोळा आला आणि पंचाईत झाली. पोळ्याला तोरणाखाली ट्रॅक्टर उभा करता येत नाही. दुकानदार माणूस, गावात नाव, आणि रिकाम्या हातानं तोरणाला जायचं म्हणजे कसं? त्यांनी पहाटेच रूपरावच्या गोठ्यातली जोडी मागून आणली. घरची मखमली झूल चढवली, शिंगांना बेगड लावली आणि जोडी घेऊन ऐटीत तोरणाखाली उभे राहिले. रूपराव बिचारा भिडस्त, तो मागं गर्दीत बिडी ओढत उभा.

तोरण तुटलं. तुटलं की बैल आपापल्या दारी जातात, घरची बाई ताट घेऊन उभी असते. शोभाबाई, म्हणजे सदाशिवरावांची बायको, नवी नऊवारी नेसून दारात उभ्या होत्या. जोडी त्यांच्या दारावरून दुडक्या चालीनं गेली. मागं कासरा धरून सदाशिवराव ओढले जाताहेत, टोपी पडलेली, आणि जोडी थेट रूपरावच्या दारात. रूपरावची मंदाबाई मात्र भीड ठेवणारी बाई नव्हेच. तिनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, झुलीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “काहो सदाशिवभाऊ, एवढी महागाची झूल काऊन आनली? बैलं तं माहेच होत.”

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात. चार ओळी जुळवायच्या, गावातल्या कुणाचीही खोड काढायची, वर सगळ्यांनी महादेवाच्या नावानं आरोळी ठोकायची. पाटील असो की पोलीस, त्या दिवशी कुणी रागवायचं नाही. ज्याच्यावर झडती आली त्यानं वाटलं तर तिथंच उलटी झडती म्हणून हिशेब मोकळा करायचा. पुढच्या पोळ्याला सदाशिवरावांवर झडती येणार हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की कोण म्हणणार.

ओमप्रकाश तेव्हा सत्तावीस वर्षांचा. केस मानेवर, गळ्यात गिटार, आणि जोडीला गुलाब नावाचा दोस्त. गुलाब लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, पण मनातून तो ड्रमर होता. या दोघांनी ठरवलं की झडती साधी म्हणायची नाही, रॉक म्हणायची. वर्ध्याच्या ज्या स्टुडिओत त्यांनी ती रेकॉर्ड केली तिथं फक्त भजनं व्हायची. मशीनवरच्या माणसानं वही उघडून विचारलं, “देव कोन्ता लिहू?”

गुलाब म्हणाला, “नंदी लिहा.”

कॅसेट तयार झाली. गिटार कडाडायची, ढोल फुटेस्तोवर वाजायचा आणि ओमप्रकाश नरड्याच्या शिरा ताणून म्हणायचा:

“शिंगाले बेगड चढवली, घुंगराचा सोर केला,
झूल राह्यली हातामंधी, बैल घरी गेला.
झूल तुमची, झूल तुमची, बैल कोनाचा?
सांगा सदाशिवराव, बैल कोनाचा?”

बेत असा की पोळ्याला तोरणाखाली बॉक्स लावून हे वाजवायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून आष्टी ते आर्वी कॅसेट विकायची. पोळ्याला आठ दिवस उरले असताना ओमप्रकाशच्या बापाकडे मध्यस्थ आला. मुलगी दिपाली, सदाशिवरावांची थोरली.

या दिपालीकडे पाहता यावं म्हणून ओमप्रकाश तीन वर्षं गरज नसताना साबण विकत घेत होता. त्याच्या घरात साबणाच्या सत्तर वड्या होत्या. तो काय नाही म्हणणार? पोळ्याला बॉक्सवर भजन वाजलं. दिवाळीनंतर लग्न झालं. गुलाबनं मांडवात ढोल वाजवला आणि कानाशी येऊन म्हणाला, “बायको भेटली बे तुले. गानं गेलं.”

“गेलं नाई बे. थांबलं.”

लग्नानंतर सासऱ्यांनी दुकानामागचं गोदाम बिछायतीला दिलं. दुपारचं जेवण मग सासूच्या हातचं व्हायला लागलं. गोदाम आणि सासूबाईंचं स्वयंपाकघर यांच्यात एकच दार, आणि ओमप्रकाशला दार उघडायला कधी आळस आला नाही. दिपालीनं मात्र पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, “बाबा हायेत तवरोक ते गानं नाई वाजनार. माह्या बाबाची फजिती मी नाई होऊ देनार.” आता हे वाक्य वरून साधं, पण आतून कसं निघालं पाहा. गाणं बाहेर यायचं तर सासऱ्यानं जायला हवं. कुणी तसं बोललं नाही, पण सदाशिवरावांना खोकला झाला की गुलाबचा फोन यायचा, “कसे हायेत मामाजी?” आणि ओमप्रकाश त्याला शिव्या घालायचा.

मध्ये प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सीडीचा जमाना आला तेव्हा गुलाब म्हणाला की फक्त नाव बदलू. ‘किसनराव’ तालात चपखल बसलं. दुसऱ्याच दिवशी गावातले खरेखुरे किसनराव गोदामात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मी तं कोनाचा बैल मांगून आनला नाई बावा. माह्यावर काऊन?” ते उठेपर्यंत दोन वेळा चहा झाला आणि सीडी राहिली.

एकदा तर कॅसेटच हरवली. दिपालीच्या नजरेला पडू नये म्हणून ओमप्रकाशनं ती एका गादीच्या खोळीत ठेवली होती आणि गादी गेली केळझरच्या लग्नात. हा मोटरसायकलनं तिकडं पोचला तेव्हा वरपक्षाचे पाहुणे गाद्यांवर जेवून आडवे झालेले. त्यानं एकेकाला हलवून उठवलं आणि गाद्या चाचपायला लागला. कुणीतरी विचारलं, “काय हरवलं?” हा म्हणाला, “काई नाई जी, महत्त्वाची वस्तू हाय.” तेवढ्यावर मांडवभर झालं की दागिना हरवला. नवरदेवाच्या आत्यानं गळ्याला हात लावला, पोत जागेवर होती, तरी ती रडायला लागली. चाळीस माणसं गाद्या उलटत होती. कॅसेट शेवटी एका झोपलेल्या मामांच्या कमरेखाली निघाली.

मग मोबाइल आले. गुलाब वर्ध्याला बोरगाव मेघेत राहायला गेला, तिथं त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यानं कॅसेटचं गाणं मोबाइलवर उतरवून घेतलं आणि म्हणाला, “एक बटन दाबतो अन् सारी दुनिया आयकते. दाबू का?”

“दाबजो नको,” ओमप्रकाश म्हणाला. “दिपाली.”

तोवर सदाशिवराव अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. रोज सकाळी हायवेपर्यंत पायी जाऊन यायचे. दात स्वतःचे, चष्मा फक्त पेपरला. खंगायला लागला तो जावई. बावीस-तेवीस वर्षं बॉक्सशेजारी उभं राहून ओमप्रकाशचा डावा कान गेला. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरनं यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं की उजवाही त्याच वाटेनं चालला आहे, वर्ष-दोन वर्षं धरा.

घरी येताना एसटीत तो खिडकीबाहेर पाहत होता. दिपालीनं विचारलं, “काय विचार करून राह्यले?”

“काई नाई वं,” तो म्हणाला. “मी जन्मात एकच गानं केलं. ते लोकाईच्या तोंडून वाजताना मलेच आयकू नाई यीन.”

दिपाली उठली, त्याला सरकवलं आणि त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओमप्रकाश गोदामात एकटा होता. संध्याकाळी कीर्तन होतं, म्हणून बॉक्स आणि भोंगे टेम्पोत चढवलेले, वायरी जोडलेल्या. त्यानं जुनी कॅसेट काढली, टेपमध्ये घातली, आणि आपण हळूच ऐकू म्हणून बटन जरासं फिरवलं. ऐकू येईना. आणखी फिरवलं. मग टेम्पोत चढून उजवा कान बॉक्सला टेकवला आणि हात मागं लांबवून आणखी फिरवलं. आता कुठं जरा बरं ऐकू यायला लागलं. त्यानं डोळे मिटले.

टेम्पोवरच्या चार भोंग्यांनी तोवर तळेगावचा आठवडी बाजार गप्प केला होता. वांगी तोलणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले. हायवेवर एसटी थांबली ती सुटेना. भोंगे विचारत होते, “सांगा सदाशिवराव, बैल कोनाचा?” आणि बाजारातलं एकूण एक माणूस दुकानाकडे पाहत होतं.

सदाशिवराव गल्ल्यावरून उठले. धोतराचा सोगा धरला, दुकानामागं गेले आणि टेम्पोसमोर उभे राहिले. मागून दिपाली धावत आली, “बाबा, बाबा, त्याईले आयकू येत नाई, त्याईनं मुद्दाम नाई केलं.” सदाशिवरावांनी हात वर केला. गाणं संपेपर्यंत तो हात वरच होता.

ओमप्रकाशनं डोळे उघडले तेव्हा समोर सासरा, सासऱ्यामागं बायको, आणि बायकोमागं बाजार.

“मामाजी,” तो म्हणाला.

“जवाईबुवा,” सदाशिवराव म्हणाले, “हे गानं तुम्ही कोन्त्या साली केलं?”

“दोन हजार तीन.”

“मले त्याच आठोड्यात मालूम पडलं. तुमचा गुलाब दारू पिऊन साऱ्या गावाले म्हनून दाखवे. मी त्याच राती उलटी झडती जुळवली. पोळ्याले कोरं धोतर नेसून तोरनाखाली उभा राह्यलो, का तुम्ही म्हनान अन् मी उत्तर देईन. तुम्ही भजन लावलं.”

ओमप्रकाशनं उजवा कान पुढं केला.

“झडती आल्याशिवाय उत्तर देता येते का?” सदाशिवरावांचा आवाज चढला. “नियम हाय. एकवीस पोळे मी तिथं जाऊन उभा राह्यलो. लोकं मनातल्या मनात मले बैल इचारून राह्यले, तुमच्या त्या चार सुरांवर हसून राह्यले, अन् मी मुका. तोंडावर म्हटलं असतं तं तवाच मिटलं असतं.”

“बाबा,” दिपाली म्हणाली, “मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“तुम्ही मले मान देऊन राह्यले होते ना. मान देनाऱ्या मानसाले काय म्हनाव?” ते टेम्पोच्या फळीवर टेकले. “मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. ते उत्तर घेऊनच वर जाईन का काय, अशी धास्ती पडली होती मले.”

मग घाई झाली. गुलाब त्याच आठवड्यात बोरगाव मेघेहून सामान घेऊन आला. गोदामात चहूबाजूंनी गाद्या उभ्या केल्या, मधे सदाशिवराव, डोक्यावर टोपी. गुलाबनं सांगितलं की ढोलाच्या ठोक्यावर म्हणायचं. सदाशिवराव म्हणाले, “ढोलानं माह्या मांगं याव. मी त्याच्या मांगं नाई जानार.” वर त्यांनी अट घातली की त्यांच्या ओळी चालू असताना गिटार बंद पाहिजे, शब्द झाकले जातात. ओळी काय आहेत ते त्यांनी रेकॉर्ड होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. रेकॉर्ड झाल्यावर गुलाब गादीवर लोळून हसत होता. ओमप्रकाशला त्यानं ऐकवायला नकार दिला. “पोळ्याले आयकजो,” म्हणाला.

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उरल्या होत्या अकरा. ट्रॅक्टर मागं रस्त्यावर उभे. ओमप्रकाशनं बॉक्स लावले आणि उजवा कान एका बॉक्सला टेकवून उभा राहिला. गुलाबनं मोबाइलवर बटन दाबलं, गाणं दुनियेत गेलं आणि तोरणाखाली वाजलं. पहिली झडती लोकांनी त्याच्यासोबतच म्हटली, बायांनीही म्हटली. दिपाली त्याच्या शेजारी उभी होती आणि तिचेही ओठ हलत होते. हिला कधी पाठ झालं, हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. ‘बैल कोनाचा?’ म्हणून हजारभर माणसं ओरडली तेव्हा ते ओमप्रकाशला डाव्या कानानंही ऐकू आलं म्हणतात. यात गुलाबची भर असावी.

मग गिटार थांबली आणि सदाशिवरावांचा खणखणीत आवाज आला:

“मांगून आनला बैल तरी धन्याच्या घरी गेला,
जेवाले आला जवाई, तो उठून नाई राह्यला.”

मग जी आरोळी उठली तिनं दोन जोड्या उधळल्या आणि तोरण वेळेआधीच तुटलं. सदाशिवराव कोऱ्या धोतरात उभे होते, आणि एकवीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी गर्दीकडं सरळ नजरेनं पाहिलं.

गाणं आता मोबाइलवर आहे. आष्टी, आर्वी, कारंजापर्यंत वाजतं. लोक पहिली झडती गाळतात आणि सरळ सासऱ्याच्या उत्तरावर येतात. चार सूर वाजले की मांडव हसतो, पण आता मागं वळून कुणी पाहत नाही. सगळे ओमप्रकाशकडेच पाहतात.

पोळ्याच्या त्या दिवशी जेवायची वेळ झाली तेव्हा तो गोदामात घुटमळत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ते दार उघडायला जड जात होतं. शोभाबाईंनीच आतून हाक मारली, “अहो जवाईबुवा, पुरनपोळी थंडी होऊन राह्यली.” तो गेला, सासऱ्याशेजारी पाटावर बसला. चौथ्या पोळीला सदाशिवराव म्हणाले, “काय मंग, उठता का आता?”

ओमप्रकाशनं पाट जरासा सरकवला आणि डावा कान सासऱ्याकडं करून बसला.

“काय म्हन्ता मामाजी? या बाजूनं आयकू नाई येत,” तो म्हणाला, आणि ताट सासूबाईंच्या पुढं केलं.