पहिल्या पानावरून काढलेला फोटो

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरीला होते. आमच्या सरांनी इंटरनेटवरून शिकवायचा मराठी कोर्स काढायचं मनावर घेतलं आणि त्याचं पहिलं पान करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या पानाने मला जेवढं घाबरवलं, तेवढं बोर्डाच्या परीक्षेनेही घाबरवलं नव्हतं.

सरांना त्या पानावर सगळं हवं होतं. गरगर फिरणारी पृथ्वी, सरकत जाणारं 'सुस्वागतम', आणि मधोमध त्यांच्या वडलांचा हार घातलेला फोटो. वडलांनी टायपिंगच्या क्लासपासून ही संस्था उभी केलेली. आमच्या पावतीवर, कॅलेंडरवर, अहो पेढ्यांच्या बॉक्सवरसुद्धा ते असायचे! पान झालं, नारळ फुटला, मॉनिटरला हळदीकुंकू लागलं.

मग ते कर्जतच्या बाईंनी उघडलं. या आमच्या पहिल्या विद्यार्थिनी, बालवाडीत शिकवायच्या. तिथल्या एसटीडी बूथवाल्याने कॉम्प्युटर घेतला होता. एका लायनीवर इंटरनेट, दुसरीवर फोन. चपला बाहेर काढून बाई भीत भीत बसल्या आणि त्यांनी फोनवर मला विचारलं.

"मॅडम, समदं उलटंसुलटं दिसतंय. म्या मोडलं का काय?"

मोडलं काहीच नव्हतं. आमचा मराठी फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हता, म्हणून अक्षरांऐवजी नुसत्या खुणा उमटल्या होत्या. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच टाळक्यात आली नव्हती. मी समजावेपर्यंत बाईंनी घाबरून मेन स्विचच बंद केला.

सर म्हणाले, "परत एकदा करून बघू. कुणी न सांगता बाईंना पहिला धडा सापडला तर कोर्स चालू. नाहीतर बंद, मग तूही दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे कुठे हो? माझं गाव कर्जतकडचंच, आईवडील श्रीगोंद्याला ऊस तोडत होते. नोकरी गेली की सावेडीतली खोली गेली, आणि खोली गेली की माझ्याही हातात कोयता.

मजकूर चित्र म्हणून टाकला तर कुठेही दिसला असता, पण चित्रं फोनच्या लायनीवरून यायला मरणाचा वेळ लागायचा. पृथ्वी काढली. सुस्वागतम काढलं. तरी पान रांगतच होतं. उरले वडील. सरांना विचारायला केबिनच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले. शेवटी जीव मुठीत धरून वडलांना उचललं आणि कोर्सच्या अगदी शेवटच्या पानावर नेऊन बसवलं. त्यांच्या जागी ठळक अक्षरांतल्या थोड्या मजकुराचं चित्र आणि खाली एकच मोठं बटण ठेवलं.

दुसऱ्या खेपेला सरांनी केबिनमधला, माझ्याच लायनीवरचा पॅरलल फोन उचलून कानाला लावला. काचेतून ते मला दिसत होते.

"आलं का पान?" मी बाईंना विचारलं.

"आलं. फोटोबिटो काई न्हाई."

झालं! काचेपलीकडे सरांची मान वर झाली. मला काही सांगायची बंदी होती.

"मोठ्ठ्या अक्षरात लिवलंय," बाई म्हणाल्या आणि बालवाडीतल्यासारखा एकेक शब्द सुटा करून वाचू लागल्या. "घाबरू नका. तुमच्या हातून काहीही मोडणार नाही. पहिल्या धड्यासाठी हे बटण दाबा."

मीच लिहिलेली वाक्यं ती. तरी ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिकडे बटण दाबल्याचा टक् आवाज आला. मग बाई ओरडल्याच, "आला वो मॅडम धडा! न्हाई मोडलं काई!"

सर केबिनबाहेर येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "माझे वडील कुठे गेले?"

"सर, शेवटच्या पानावर." आता संपलंच सगळं, असं मी धरून चालले होते.

रिसीव्हरमधून बाईंचं हसणं सरांनाही ऐकू येत होतं.

"मग बाईंना तिथपर्यंत नेऊन पोचव," ते म्हणाले.

"मॅडम, हायेत का तुमी?" बाई विचारत होत्या.

"हाय," माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं. "हितंच हाय, बाई. आता पुढचं बटण दाबा."