ढोलवाल्या अस्वलाची खरी नक्कल

माझा धाकटा भाऊ भूपेंद्र बेचाळीस वर्षांचा आहे. देवासला विजेच्या ऑफिसात नोकरी करतो, लोक त्याला साहेब म्हणतात, आणि या साहेबांच्या घरी काचेच्या कपाटात बोटाएवढी प्लास्टिकची अस्वलं ओळीनं उभी आहेत. आम्ही लहान असताना टॉफीच्या पुड्यात निघायची, तीच. टीव्हीवर तेव्हा एक परदेशी कार्टून लागायचं, गॉगल घातलेल्या अस्वलाचं. एक अस्वल सायकलवर, एक मासे धरणारं, एक पोळ्या लाटणारं. असा नऊ जणांचा कुटुंबकबिला. भूपेंद्रकडे आठ जमली होती. नववं, ढोल वाजवणारं, काही केल्या मिळत नव्हतं, आणि त्यापायी त्याची झोप उडाली होती.

एकदा मी विचारलं, की जुन्या बाजारात पाटीभर मिळत असतील, घे की त्यातलं एक. तर भडकलाच.

"ताई, वो नकली रहते हैं यार! लायसनवालं पाहिजे."

खेळण्याला लायसन? मोटरला असतं, बंदुकीला असतं. मग त्यानं मला समजावलं आणि मी जास्तच गोंधळले. अस्वल मूळचं परदेशातल्या एका कंपनीचं. तिनं टॉफीवाल्याला परवानगी दिली, टॉफीवाल्यानं देवासच्या एका कारखान्याला काम दिलं, कारखान्यानं साच्यातून अस्वलं काढली. प्रत्येकाच्या पायाखाली मसुराच्या दाण्याएवढा गोल शिक्का. पुढे परवानगी संपली, पण साचा कारखान्यातच पडून होता. मग त्याच साच्यातून काढून, पायाचा शिक्का घासून, तीच अस्वलं नवरात्रात देवीच्या टेकरीखालच्या जत्रेत विकायला आली.

"म्हणजे साचा तोच?"

"तोच."

"प्लास्टिक?"

"वही."

"बनवणारा माणूस?"

"तोही तोच असेल, पण लायसन नव्हतं ना, ताई!"

"मग अस्सल कुठलं?"

"अस्सल तर कंपनीच्या तिजोरीत. कागदावरचं चित्र आहे ते."

"म्हणजे तुझ्या कपाटातलीसुद्धा नक्कलच की!"

त्यावर तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी तरी काय चुकीचं बोलले होते, मला आजवर कळलेलं नाही.

मी धारला राहते, तात्यांजवळ. तात्या म्हणजे आमचे वडील. धारच्या कोर्टात नक्कल खात्यात उभी हयात गेली. खेड्यापाड्यातून लोक निकालाच्या, जमिनीच्या कागदाच्या नकला मागायला यायचे. तात्या मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचे, शिक्का मारायचे, सही करायचे. बाहेरचे त्यांना तात्यासाहेब म्हणत. तात्यांच्या दृष्टीनं जगात 'खरी नक्कल' या दोन शब्दांपेक्षा भारदस्त काही नाही. ते म्हणतात, अस्सल कागद तिजोरीतून कधी बाहेर येत नाही. लोकांच्या हातात येते ती नक्कलच, आणि तिच्यावरच घरं उभी राहतात.

गेल्या महिन्यात माळ्यावरचा भातुकलीचा डबा साफ करताना चूलबोळक्यांच्या तळाशी ते ढोलवालं अस्वल निघालं. भूपेंद्रला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा तात्यांनी आणून दिलेलं, नंतर हरवलेलं. मी फोन लावला. पलीकडून भूपेंद्र ओरडलाच.

"ताई, इंदूरला जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आहे. हे मिळालं तर सेट पूरा. पायाखाली बघ, जल्दी."

माझा चष्मा सापडेना. तात्यांनी फोन घेतला, अस्वल उलटं केलं, बागप्रिंटच्या, ठशांनी छापलेल्या पलंगपोसावर ठेवून भिंगातून पाहिलं. मी पोळ्या करायला आत गेले. तात्यांचा कोर्टातला आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"भूपेंद्र, मी शिक्का पाहिला आहे. ही खरी नक्कल आहे."

मग तात्या म्हणाले, "हो, नक्कलच. खात्रीनं सांगतो." आणि नंतर पडेल आवाजात, "बरं. जशी तुझी मर्जी."

मी बाहेर आले तर तात्या अस्वल हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "त्याला नको आहे. कुणाला तरी देऊन टाका म्हणाला." मलाही काही समजेना. इतके दिवस जीव टाकत होता, आणि आता नको? तात्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी शेजारच्या चिऊला हाक मारली आणि अस्वल तिच्या ओंजळीत ठेवलं.

उलगडा झाला तो दोन आठवड्यांनी, एका रविवारी. भूपेंद्रचा फोन आला, आवाज उतरलेला. "जाऊ दे ताई. लहानपणी तात्यांनी आणलं, मला वाटलं लायसनवालं असेल. ते खुद्द म्हणाले, सच में नकली है."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप आला. "अरे गाढवा, तात्यांची खरी नक्कल म्हणजे तुझं लायसनवालं! आणि ते आता चिऊकडे आहे!" मी ओरडले. तो म्हणाला, "निघतोच."

तो धारला पोहोचला तेव्हा चिऊ ओट्यावरच होती. अस्वलाला नाचवत होती, आणि इतके दिवस रोज नाचवत आली होती. फरशीवर घासून घासून त्याचे तळपाय गुळगुळीत झाले होते. शिक्क्याचा मागमूस नाही. जत्रेतल्या अस्वलात आणि याच्यात आता देवालाही फरक कळला नसता. भूपेंद्रनं ते बोटानं चाचपलं.

"मी पाहिला होता शिक्का," तात्या म्हणाले. "त्या प्रदर्शनवाल्यांसमोर सांगेन."

"ते नाही मानणार, तात्या. मी मानतो." त्यानं अस्वल रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. चिऊला त्यानं येताना मोठी बाहुली आणली होती, तिनं अस्वलाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तात्यांचं मात्र समाधान होईना. चहा निवत चालला तरी ते कपाळाला आठ्या घालून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नक्कल म्हटल्यावर तुझ्या मनात खोटंच का आलं?"

भूपेंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवली. त्याचं त्यानं सांगावं.

"शाळेत पोरं चिडवायची, तात्या. तेरे पापा नकल करवाते हैं. परीक्षेतली कॉपी करतात ना, ती नकल. मला वाटायचं, तुमचं काम असंच काहीतरी आहे. लाजेचं."

तात्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. रागावले नाहीत. एखाद्या अनोळखी गावात उतरल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं? अरे, मग एकदा मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं," भूपेंद्र म्हणाला. "पाचवीत. तुम्ही शर्ट घालत होता. मी म्हटलं, तात्या, तुम्ही ऑफिसात नक्कल करता? तुम्ही हसून माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, हो रे बाळा, रोज करतो."