चंद्रकलेच्या चिमण्या

गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत शालिकराम कोष्ट्याच्या लुगड्याला नावं ठेवणारा अजून जन्मायचा होता. माणूस गरीब, पण मनात एकदा घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. मी त्याचा शेजारी, पोस्टातला कारकून. त्याच्याशी हुज्जत घालण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी फुकट गेल्या.

त्याची पोर चंद्रकला तेव्हा आठ वर्षांची होती. १९५४ साल असेल. बापाच्या मागाशेजारी बसून ती कांड्यांवर सूत भरायची आणि मला कोडी घाल म्हणून भंडावून सोडायची. एकदा मी विचारलं, "एका आकड्याची दुप्पट केली, पाच मिळवले, एकवीस झाले. आकडा कोणता?"

"आठ."

"कसं वं?"

"आकडा माहीत नाही ना, म्हणून त्याले चिमणी म्हटलं. दोन चिमण्या अन् पाच. पाच काढले, सोळा राह्यले. दोघींत वाटले."

बीजगणित हा शब्दही तिनं ऐकला नव्हता. मी त्याच रविवारी बापलेकीला सक्करदऱ्याला नेलं. तिथे बाबाराव राहत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ माणूस. त्यांनी तिला दोन अज्ञात आकड्यांचं गणित घातलं. हिनं एकाला चिमणी म्हटलं, दुसऱ्याला कावळा, आणि उत्तर काढलं. बाबाराव मांडीवर थाप मारून हसले. "उद्यापासून पाठवा हिले. सरळ हायस्कुलाचं बीजगणितच सुरू करतो. फी-बी काही नको."

"अन् गुरुजी, सुरुवातीचं?" शालिकरामनं विचारलं.

"ते येते तिले."

शालिकरामला ते पटलं नाही. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडतात. ओळीनं, एकही न सोडता. एक धागा सुटला तर शेवटपर्यंत कापडात रेघ दिसते. आयुष्यभर तेच केलेला माणूस तो. घरी आल्यावर म्हणाला, "मधातून काही सुरू करत नसतात. गिरिधर मास्तरचा वर्ग बरा. तीन सालचा हाय. आधी अंकगणित, मग अपूर्णांक, मग बीजगणित. सारं ओळीनं."

"अगा, पोरगी हाय ती, लुगडं नाही!" मी ओरडलो. "काहून तिचं वाटोळं करून राहिला?"

त्यानं ऐकलं नाही. पोरीचं पक्कं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून तर मला जास्त चीड यायची.

इतवारीतल्या त्या वर्गात चंद्रकला उत्तर आधी सांगायची आणि गिरिधर मास्तर तिला उभं करायचे. रीत लिही. दिली तशीच लिही. हळूहळू ती लिहायला लागली, सुबक, समास सोडून. पहिला नंबर आला तेव्हा शालिकरामनं गल्लीत पेढे वाटले. मला मात्र तो पेढा गोड लागला नाही, कारण पोर मला कोडी घाल म्हणेनाशी झाली होती.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा हे त्याच्याही ध्यानात आलं. मी न सुचवताच त्यानं सायकल काढली, तिला पुढे बसवलं आणि म्हणाला, "तुम्हीबी चाला."

बाबारावांनी मुद्दाम सोपं विचारलं. एका आकड्याची तिप्पट, त्यातून चार वजा, राहिले अकरा. चंद्रकला हात जोडून उभी राहिली.

"हे आमचं तिसऱ्या साली हाय, गुरुजी."

"नसू दे झालेलं. तुझ्या चिमण्या कुठं गेल्या?"

ती लाजली. "ते लहानपणचं होतं," म्हणाली. दहा वर्षांची होती ती.

बाबारावांनी तरी तिला महिनाभर बोलावलं. ती जायची, बसायची आणि विचारायची, "रीत कोणती लिहू?" शेवटी त्यांनीच नको म्हटलं.

त्या दिवशी शालिकराम मागावर बसला, पण आडव्या सुताचा धोटा हातात तसाच धरून राहिला. बाजूला पोर खाली मान घालून कांड्या भरत होती.

"तुटला धागा मले अंधारात सापडते, भाऊ," तो म्हणाला. "हिचं टोकच सापडून नाही राहिलं."