पंखा बंद, इंग्रजी चालू

हिवाळाभर बंद असलेला पंखा परवा पहिल्यांदा लावला आणि तापलेल्या धुळीचा तोच वास आला, नवी पेठेत कापडाच्या दुकानावर, पत्र्याखाली भरणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या क्लासचा. भर एप्रिलात एका दुपारी सरांनी पंखाच बंद केला. म्हणाले, ‘सगळे बरोबर म्हणतील तेव्हाच लावेन.’ म्हणायचं होतं एवढंच, ‘स्विच इट ऑन’. ‘स्विच ऑन द फॅन’ चालतं, पण फॅनऐवजी इट आलं की त्याला मध्येच कोंबायचं आणि ऑनला मागे ढकलायचं. का, तर नियम आहे. माझ्या शेजारी चिंचोळीच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या एक मावशी होत्या. त्यांचं इट दर वेळी शेवटीच जाई, आणि घामाने भिजलेला अख्खा वर्ग त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. ‘मावशी, इट मध्ये,’ मी दात-ओठ खात म्हणाले. ‘कळतंय गं, पर जीभ वळंना,’ त्या म्हणाल्या. शेवटी एकदाचं त्यांच्या तोंडून ते नीट आलं. सरांनी ऐटीत बटण दाबलं. पंखा हलला नाही. लाइट गेलेली होती, केव्हापासून कोणास ठाऊक. सर बटण खालीवर करत राहिले, तेव्हा मावशी पदराने गळा पुसत शांतपणे म्हणाल्या, ‘सर, आता वायरमनला बी तेवढं इंग्रजीत सांगा की.’ आता माझं इट अचूक मध्ये बसतं, पण बटण दाबल्यावर पाती फिरेपर्यंत माझा त्या नियमावर विश्वास नसतो.