चादरींची खोली

चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात दाक्षायणी थकली होती. गळ्यातल्या गाठीनं थकली होती, आणि त्याहून जास्त नवऱ्याच्या खटपटीनं. पुढच्या गुरुवारी मिरजेला तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. त्या दिवसापासून सोमलिंगनं एकच ध्यास घेतला होता, बायकोची भजनं टेपवर धरून ठेवायची. तिच्या आईकडून आलेली ती कन्नड भजनं ती दर सोमवारी म्हणायची. सोमलिंगला त्यांच्याशिवाय सोमवार ठाऊक नव्हता.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुलिंगनं आठवडाभरासाठी टेपरेकॉर्डर दिला. वर फुकटचा सल्लाही दिला, की आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोका. लिंगायताच्या घरात अंड्यांचे ट्रे!

"रिकामे असले तरी माज्या उंबऱ्याच्या आत न्हाय," दाक्षायणी बसक्या घशानं म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

मग सोमलिंगनं घरातल्या आणि भावाकडच्या मिळतील तेवढ्या चादरी मागच्या खोलीत टांगल्या. खिडकीत गिरणीतलं टाकाऊ सूत कोंबलं, दाराच्या फटीत गोणपाट. गिरणीतली पाळी संपवून यायचा, भाकरी खायचा आणि खिळे ठोकत बसायचा. पाच दिवसांत त्याचे डोळे खोल गेले. वेडच म्हणायचं! पण जन्मात दुसऱ्या कुणासाठी त्यानं असं काही केलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

मागच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे चार यंत्रमाग होते. चादरींनी खोलीतलं घुमणं थांबलं, माग कसले थांबतात? भिंतीतून खटखट येतच होती.

"अवो, शेजाऱ्यांना घटकाभर माग बंद करायला सांगा की," ती म्हणाली.

"आँ?"

ती कानाशी जाऊन पुन्हा बोलली.

"कशाला? एवड्या चादरी उगंच टांगल्या व्हय? मुंगी चालली तर ऐकू यील हितं. लई शांत झालंय बघ."

तेव्हा दाक्षायणीच्या ध्यानात आलं, मागांची खटखट त्याला ऐकूच येत नव्हती. सत्तावीस वर्षं गिरणीतल्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढलेला माणूस. त्याचे कान गिरणीनं कधीच खाल्ले होते. सोलापुरात अशा माणसाला कुणी बहिरा म्हणत नाही, त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलतात, एवढंच. तिनंही आजवर तेच केलं होतं. आता मोठ्यानं बोलायला गळा नव्हता, आणि त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवायचं तिच्या जिवावर आलं.

ती चादरींच्या मधोमध बसली. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. सोमलिंगनं बटण दाबलं आणि ती गायली. तीन भजनं झाली, चौथ्याला आवाज फाटला. "साकु," ती पुटपुटली, पुरे आता.

मिरजेहून परतल्यावर महिन्याभरानं त्यानं गुरुलिंगकडून टेपरेकॉर्डर पुन्हा आणला. दाक्षायणीच्या गळ्याला फडकं होतं आणि बोलायला हातात पाटी-पेन्सिल. त्यानं टेप लावली.

आधी यंत्रमागच आले. खटखट, खटखट. त्यांच्या मागं कुठंतरी, तळ्यापलीकडून कुणी हाक मारावी तशी, ती होती. शब्द ओळखू येत नव्हते. तिला रडू कोसळलं. जगात तिचा म्हणून एवढाच आवाज उरला होता, आणि तोही मागांनी गिळला होता.

सोमलिंग कान टेपरेकॉर्डरच्या जाळीला टेकवून, डोळे मिटून बसला होता. ओठ भजनाबरोबर हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता. टेप संपली तेव्हा त्यानं डोळे पुसले. ती रडतेय ते बघून त्याला बरंच वाटलं असावं.

"आलाय की न्हाय आवाज सुरेख?" त्यानं विचारलं. "तुजाच हाय, दुसरं कायबी न्हाय त्यात."

तिनं पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग लिहिलं आणि पाटी त्याच्यापुढं सरकवली. सोमलिंगनं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "परत लावा."