पेन ड्राईव्हशिवाय झालेलं अपडेट

आधीच सांगून टाकतो, माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा आहे. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं, एवढाच माझा देवधर्म. कुणाच्या अंगात आलं की मी लांब उभा राहून शेंगा खात बघणारा माणूस. त्यामुळे हे वाचून कुणी अंगारा लावायचा सल्ला देऊ नये... तो माझ्या आईने देऊन झालाय.

मी अंबाजोगाईचा. आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संघाच्या संकलन केंद्रांवर लिनक्सची मशीन आहेत. त्यातलं एक केंद्र वडवणी तालुक्यात, डोंगराच्या मागे दडलेल्या गावात. तिथे मोबाईलला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. इंटरनेटचा प्रश्नच नाही, मशीनला वायफायचं कार्डसुद्धा नाही. पाणी टँकरने यायचं आणि सॉफ्टवेअरचे अपडेट पेन ड्राईव्हने.

ते आणायचा विलास. माझा मित्र, संघाचा कॉम्प्युटरवाला, आणि त्या केंद्राच्याच गावचा. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी केंद्र रिकामं असतं, म्हणून तो दिवस त्याने ठरवून टाकला होता. मशीनला काय काय हवंय त्याची यादी पेन ड्राईव्हवर घ्यायची, अंबाजोगाईला माझ्या दुकानात येऊन ती पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या, इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, पुढच्या बाजाराला नेऊन टाकायची. त्याचा यात एकही खाडा नसायचा. मी चिडवायचो, "अरे, त्या मशीनला भेटायला जातोस का वहिनींना?" कारण केंद्र चालवायची त्याची बायको, कविता वहिनी.

दुष्काळाच्या त्या वर्षी विलास मोटरसायकलवरून पडून गेला. जास्त लिहीत नाही.

त्यानंतर बरेच महिने त्या मशीनकडे कुणी फिरकलं नाही. मग दुसऱ्या एका केंद्रावर जुन्या सॉफ्टवेअरमुळे सगळा हिशेब उडाला, आणि संघाच्या साहेबांनी फर्मान काढलं — ज्या केंद्राचं मशीन अपडेट नसेल ते केंद्र बंद, दूध थेट वडवणीला आणून घालायचं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागे राहिलेल्या बायका चारा छावणीतल्या जनावरांचं लिटर-दोन लिटर दूध घालत होत्या. ते घेऊन वडवणीला कोण जाणार? आणि केंद्र गेलं की वहिनींचं कामही गेलं. तपासणीला साहेबांनी मला पाठवलं. मशीन जुनंच निघणार हे मला माहीत होतं. वाईट वाटत होतं, पण खोटा रिपोर्ट मी देणार नव्हतो.

वहिनींनी कुलूप काढून दिलं. आता इथे जाणकार म्हणतील, ऑफलाइन मशीन "सगळं अद्ययावत आहे" असंच सांगणार, बाहेर नवीन काय निघालंय हे त्याला कळणार कसं? बरोबर. म्हणून मी आदल्या दिवसापर्यंत निघालेल्या सगळ्या आवृत्त्यांची ताजी यादी पेन ड्राईव्हवर नेली होती. ती मशीनला दिली, अपग्रेडची कमांड मारली.

अपग्रेड करण्यासारखं काही नाही, असं उत्तर आलं.

मी परत मारली. मग एकेका पॅकेजची आवृत्ती हाताने ताडून पाहिली. सगळ्या नव्या. त्यातली कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, आवृत्ती तर विलास गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी निघालेली! लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदवहीत, विलास गेल्यानंतरच्याही अपग्रेडच्या नोंदी होत्या, एकूण एक बाजाराच्या दिवशी दुपारच्या. अपडेट टाकायला लागणारा रूटचा पासवर्ड विलासला आणि मला, दोघांनाच ठाऊक. वहिनींना फक्त दुधाचा प्रोग्राम उघडता यायचा.

"वहिनी, बाजाराच्या दिवशी इथं कोण येतं?"

"कुणी न्हाई. मी कुलूप घालून बाजाराला जाते." मग म्हणाल्या, "जायच्या आधी ह्यांच्यासाठी तांब्या भरून ठेवते, मशीनपशी. पयल्यापासून ठेवायचे... सवय मोडली न्हाई, भावजी."

"आणि त्यातलं पाणी?"

"पाणी जितल्या तितं असतं. सांजच्याला लिंबाला घालते. कावून?"

मी काय झालं ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत. मशीनवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "खाडा करत नव्हतेच ते."

रिपोर्ट दिला, केंद्र वाचलं. विलासचं काम संघाने माझ्याकडे दिलं. मी बाजाराच्या दिवशी सकाळीच जायला लागलो. पहिल्या वेळी पाहिलं तर मशीनला अपडेट हवे होते, चारचौघांच्या मशीनला हवे असतात तसे. टाकले. पुढच्या वेळीही हवे होते. मला हायसं वाटलं, हे का नाकारू?

वहिनींना नाही वाटलं. एकदा मी पेन ड्राईव्ह लावणार एवढ्यात म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. तुमी यायला लागले आन् ते यायचे बंद झाले. थोडे दिवस येऊ नका ना."

"वहिनी, साहेबांची तपासणी आहे. मशीन जुनं निघालं तर केंद्र जाईल."

"जाऊ द्या गेलं तर."

ज्या बाईचं घर त्या केंद्रावर चालायचं, ती हे बोलत होती. मी पेन ड्राईव्ह खिशात घालून निघून आलो. गेलोही नाही नंतर. दर बाजाराला दुकानात बसून घड्याळाकडे बघायचो, आणि सांगायला लाज वाटते, पण विलासने यावं असं मलाही मनापासून वाटायचं.

तपासणीच्या दिवशी साहेबांच्या आधी पोचलो. सगळी पॅकेजेस खिशातल्या पेन ड्राईव्हवर होती. तांब्या मशीनशेजारी भरलेला, वर वाटी झाकलेली. यादी दिली, कमांड मारली... आणि स्क्रीनवर नावांवर नावं पडायला लागली.

वहिनींना इंग्रजी येत नाही, पण यादी लांब आहे हे त्यांना कळलं.

"ह्ये सगळं राहिलंय?"

"हो."

त्यांनी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "मंग करा," म्हणाल्या. वाटी काढली, तांब्या माझ्यापुढे धरला. "घ्या. ऊन लई हाय."

साहेब यायच्या आत मशीन अपडेट झालं. केंद्र आजही चालू आहे.

विलास गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत ते अपडेट कुणी टाकले, हे मला आजवर कळलेलं नाही. मग ते का थांबले, तेही नाही. लॉग मी अनेकदा चाळलाय, त्यात काही सापडत नाही. बाजाराच्या दिवशी मी जातो तेव्हा तांब्या भरलेला असतो, आणि पाणी प्यायल्याशिवाय वहिनी मला मशीनला हात लावू देत नाहीत.